घरातले दोन कॉम्प्रेसर

आमच्या गावात कॉम्प्रेसर या शब्दाचे दोनच अर्थ आहेत. बसथांब्याजवळच्या पंक्चरच्या टपरीत हवा भरायला असतो तो एक, आणि उन्हाळ्यात विहिरीच्या खडकात सुरुंगाची भोके पाडायला ट्रॅक्टरवर चढून येतो तो दुसरा. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी मी मागवलेले पेडल, म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये जोडायची डब्बी, आले, तेव्हा पार्सलवाल्या मुलाने खोक्यावरचा ‘बेस कॉम्प्रेसर’ हा मजकूर वाचला आणि माझे घर शोधण्याच्या भानगडीत न पडता खोके सरळ टपरीवर देऊन टाकले. संध्याकाळी मी ते आणायला गेलो, तर टपरीवाल्या भाऊने ते तळहातावर तोलून अगदी गंभीरपणे विचारले, “गुरुजी, एवढ्याशा डब्बीत हवा तरी किती मावते जी?”

हवा मावत नाही, एवढे मी त्याला सांगितले. मग काय मावते, हे मात्र मला तेव्हा धड सांगता आले नाही.

मी बेस गिटार वाजवतो. धानाच्या पट्ट्यातल्या, ब्रह्मपुरीपासून फार लांब नसलेल्या गावात हे वाक्य जपून उच्चारावे लागते, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “चारच तारा काहून?” दिवाळी होऊन धान घरात आले की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडसा ही त्याची पेठ, आणि रात्री उघडलेला पडदा पहाटेपर्यंत खालीवर होत राहतो. साथीला पूर्वी ऑर्गन आणि तबला असे. आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, आणि आमच्या हौशी संचात, दुसऱ्या दिवशी शाळा नसेल त्या रात्री, माझा बेसही येतो. त्याचा खर्ज कानापेक्षा बुडाखालच्या सतरंजीतून जास्त कळतो. सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, आणि इतक्या संथ कंपनाने हवा हलवायची म्हणजे स्पीकरचा मोठा पडदा आणि भरपूर ताकद लागते. म्हणून माझ्या अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या पेटीत, १५ इंची स्पीकर आहे, आणि तो उचलायचा प्रसंग आला की संचातल्या सगळ्यांना अचानक चहा आठवतो.

अमेरिकेतले गिटार बनवणारे लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ सालचा, आणि त्याच्यासाठी काढलेला बेसमन नावाचा अ‍ॅम्प त्याच्या पाठोपाठ १९५२ सालचा. गंमत अशी की पुढे त्या बेसमनच्या चार स्पीकरच्या अवतारावर साध्या गिटारवाल्यांचाच जीव जडला आणि बेसवाल्यांना स्वतःची सोय दुसरीकडे पाहावी लागली. १९६९ मध्ये अँपेग कंपनीने ३०० वॅटचा एसव्हीटी हा अ‍ॅम्प काढला, तेव्हा कुठे मोठ्या मैदानात बेस नीट पोचू लागला. माझा अ‍ॅम्प १०० वॅटचा आहे, नागपुरात जुन्या बाजारात मिळालेला; मैदान मोठे असले की मी मागच्या रांगांवर पाणी सोडतो.

आता त्या डब्बीविषयी. बेसमध्ये एक खोड असते. एखादा सूर बोटाला लागतो आणि धाडकन उडतो, पुढचा तितक्याच मनापासून वाजवला तरी मलूल निघतो. कॉम्प्रेसर हा चढउतार आवरतो. टपरीवाल्या भाऊला मी नंतर ते त्याच्याच बांधीच्या, म्हणजे धानाच्या बांधबंदिस्त तुकड्याच्या, भाषेत सांगितले. बांधीत पाणी किती उंच साचू द्यायचे, हे आपण धुऱ्याला, म्हणजे बांधाला, ठेवलेल्या खाचेवरून ठरते; पाणी त्या खुणेच्या खाली असेल तोवर खाचेचा काही संबंध नाही, वर चढले की जादा पाणी निघू लागते. पेडलवरच्या थ्रेशोल्डच्या बटणाने या खाचेची उंची ठरते आणि रेशोच्या बटणाने तिची रुंदी. रेशो चारास एक ठेवला, तर खुणेच्या वर चार डेसिबल चढलेला आवाज एकाच डेसिबलने चढलेला निघतो. भाऊला हे चटकन पटले. त्याने फक्त एवढेच विचारले, की मग सगळे पाणी कमीच होऊन जाईल, त्याचे काय? हा प्रश्न भल्याभल्या वादकांना सुचत नाही. उत्तर असे, की शेवटी आणखी एक बटण असते आणि त्याने ही दबलेली पातळी पुन्हा एकदम वर उचलली जाते. पण उचलताना मोठे-लहान असा भेद होत नाही. बांधीच्या तळाचा गाळसुद्धा तेवढाच वर येतो.

माझ्या पेडलमध्ये हे काम उजेडावर चालते, आणि मला त्याचे फार अप्रूप आहे. आत एक बारीकसा दिवा असतो आणि त्याच्यासमोर उजेड पडला की विजेचा रोध कमी होणारा एक तुकडा. सूर जोरात आला की दिवा उजळतो, रोध घटतो आणि आवाज दबतो. १९६०च्या दशकातल्या टेलिट्रॉनिक्स कंपनीच्या एलए-२ए या कॉम्प्रेसरमध्ये, ज्याच्यावर स्टुडिओवाले अजून जीव टाकतात, हीच युक्ती आहे. बंद डब्यात, कोणाला कधीही न दिसता, माझ्या प्रत्येक सुरागणिक एक दिवा लागतो आणि मंदावतो, ही कल्पना मला रात्री दोन वाजता नाटकाच्या रडक्या प्रवेशात फार सोबत करते.

कॉम्प्रेसरने सूर किती लवकर पकडावा आणि किती वेळाने सोडावा, यासाठीही बटणे असतात, आणि बहुतेकांचे हात तिथेच पोळतात. लगेच पकडला तर बोटाचा ठोका मरतो आणि बेस चिखलात चालल्यासारखा होतो. मी पकड थोडी उशिराच ठेवतो. सोडणे तर त्याहून नाजूक. ४१ कंपनांच्या तारेचे एक आवर्तन पुरे व्हायला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. त्याहून लवकर सोडायला लावले, तर कॉम्प्रेसर सुराऐवजी सुराच्या एकेका लाटेलाच दाबू-सोडू लागतो आणि आवाज फाटतो. पहिल्या महिन्यात माझा असा फाटत होता. मी स्पीकर गेला असे समजून तो खोलून बसलो, कागदी पडदा बोटांनी दाबून पाहिला, आणि दोष माझ्याच हाताने फिरवलेल्या बटणात आहे हे कळायला दोन रविवार गेले.

खरे प्रकरण मात्र गेल्या मे महिन्यात झाले. घरी सराव करताना अ‍ॅम्पमधून घरघर येऊ लागली. वाजवत असताना ती दबून राही. सूर विरू लागला की हळूहळू वर येई, आणि मी पुढचा सूर छेडला की पुन्हा बुडी मारी. घरात कोणीतरी घोरत आहे असे वाटे. आईने तर पहिल्या दिवशी बाबांच्या खोलीत डोकावून पाहिले.

विजेची घरघर म्हणजे ५० हर्ट्झ आणि तिच्या पटी. पेटीच्या हिशेबाने हा सूर पांढरी पाचच्या जरा वर आणि काळी चारच्या खाली कुठेतरी लटकलेला असतो. माझ्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला (फ्रेटला) जी पांढरी पाच मिळते ती ४९ हर्ट्झची. ती वाजवून धरली की घरघर आणि सूर एकमेकांत मिसळून सेकंदाला एक असा संथ हेलकावा येई. मोकळी बारीक तार ९८ हर्ट्झची, आणि घरघरीची दुप्पट १००. तिथे हेलकावे सेकंदाला दोन. चीड आणणारी गोष्ट खरी, पण खोटे कशाला बोलू, दोन-तीन संध्याकाळी मी सराव सोडून हे हेलकावेच मोजत बसलो होतो.

मग शोध सुरू केला. यात मी शिकलेला नियम एकच आहे: सगळे काढायचे आणि एकेक जोडत यायचे. नुसता अ‍ॅम्प चालू केला, काही न जोडता; शांत. वायर लावून तिचे दुसरे टोक सोडले. भयंकर भोंगा, पण तो येणारच, कारण उघडी वायर म्हणजे अँटेना. गिटार जोडली, घरघर हलकी झाली. ट्यूबलाइटकडे पाठ करून बसलो तर अजून हलकी, कारण तारेचे कंपन पकडणारे एका गुंडाळीचे पिकअप दिशा बदलली की कमी-जास्त ओढते. कॉम्प्रेसर जोडला आणि ते घोरणे हजर. ज्याला दाखवावे तो हेच म्हणे, की डब्बी खराब आहे, परत पाठवा. त्यांचेही बरोबर होते. डब्बी काढली की त्रास जात होता. मी तिचा अडॅप्टर काढून नऊ व्होल्टची बॅटरी घातली, तर बारीक चरचर होती ती गेली, घरघर राहिली. एका जाणत्याने सांगितले, “थ्री-पिनची जाडी पिन तोडून टाक ना बाप्पा, सगळे चूप होते.” हा सल्ला राज्यभरच्या मंडपांत सर्रास दिला जातो, आणि वाईट हे की घरघर खरोखरच पुष्कळदा चूप होते. पण ती पिन अर्थिंगची; मग आत कधी फेज पत्र्याला लागली, तर ती जायला एकच वाट उरते, तारांवरच्या हातातून. ती पिन मी कधीही तोडणार नाही आणि कोणी तोडलेली दिसली तर त्याच्या बाजूला उभा राहून वाजवणार नाही.

उलगडा झाला तो एका दुपारी, अगदी फुकट. मी एक लांब सूर धरून बसलो होतो. स्वयंपाकघरात फ्रिज खडखडला, त्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला, आणि माझ्या कॉम्प्रेसरमधून घरघर एकदम दुणावली. थोड्या वेळाने फ्रिज थांबला. घरघर खाली आली. गिटारची तार बोटाला किंचित झिणझिणत होती. मी उलट्या हाताने फ्रिजच्या दाराची कड चाचपली. तीही झिणझिणत होती. आई शांतपणे म्हणाली, “तो तर उन्हाळ्यात चावतेच.”

वायरमन आला. त्याने होल्डरला दोन वायरी लावलेला बल्ब काढला, फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख. फेज आणि अर्थिंगमध्ये धरला. विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लालसर. मग तो घराच्या मागे गेला, जिथे बाबांनी घर बांधताना खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून लोखंडी पाइप पुरला होता. जमीन तडकली होती, आणि फटीत त्याची अख्खी बोटे गेली. पूर्वी न्हाणीचे पाणी याच बाजूने वाहत असे आणि खड्डा बारा महिने ओला राही. दोन वर्षांपूर्वी आम्ही शोषखड्डा केला, सांडपाणी तिकडे वळवले, अंगण स्वच्छ झाले आणि अर्थिंग तहानेने मेले. फ्रिजमधून झिरपणारी वीज जमिनीत जायला वाट न मिळाल्याने त्याच सामाईक वायरीतून माझ्या अ‍ॅम्पच्या पत्र्यापर्यंत येत होती, आणि डब्बी तेवढी ती उचलून माझ्या कानाशी धरत होती. वायरमनने फ्रिजची गळकी वायर बदलली, पाइपाची गंजलेली पट्टी घासून पुन्हा आवळली.

आईने त्याच संध्याकाळी खड्ड्यात दोन गुंड पाणी ओतले. पहिला गुंड गटगट आवाज करत गेला, दुसरा थोडा वर साचून राहिला. आत येऊन मी अ‍ॅम्प लावला, पांढरी पाच धरली आणि कान लावला. हेलकावा होता, पण स्पीकरच्या जाळीला गाल टेकवल्यावरच ऐकू येईल एवढा. डब्बी तीच, बटणे तिथेच.

हंगाम सुरू झाला, तेव्हा पहिल्याच गावात वीज गेली आणि जनरेटर आला. जनरेटरवरची घरघर आणखी वेगळी. हॅलोजन लागले की इंजिन दबते आणि तिचा सूर घसरतो, इंजिन सावरले की पुन्हा चढतो, ५० वर काही तो टिकत नाही. गायिका म्हणाली, माइक ओठाला चावतो. मी अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर आणायला लावले, जनरेटरवाल्याकडून अर्थिंगची सळई स्टेजमागच्या बांधीत ठोकून घेतली आणि चहावाल्याकडून बादलीभर पाणी मागितले. त्याने बादली दिली, पण मी ते पाणी सळईच्या बुडाशी ओतताना पाहून जवळ आला.

“गुरुजी,” तो म्हणाला, “इथे काय उगवते जी?”