अँटिबॉडी उलटी धरणारं प्रथिन

स्वीडनमध्ये येऊन मी ज्या प्रथिनावर काम करते, त्याचं मूळही बरंचसं इथलंच. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू साधारण ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकात मुक्कामाला असतो, पण तोच रक्तात शिरला तर जिवावर बेततं. त्याच्या अंगावर 'प्रोटीन ए' असतं. १९६६ मध्ये फोर्सग्रेन आणि श्योक्विस्ट या स्वीडिश संशोधकांनी दाखवलं, की ते अँटिबॉडी भलत्याच बाजूने धरतं. अँटिबॉडीची दोन टोकं जंतूला पकडतात आणि मागचा दांडा पांढऱ्या पेशींच्या हाती लागतो. प्रोटीन ए नेमका तो दांडाच धरून ठेवतं. पांढरी पेशी येते, पण तिला धरायला काही उरतच नाही.

स्टॉकहोममध्ये मथियास उह्लेन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रोटीन ए बनवणाऱ्या जनुकाचा पूर्ण क्रम प्रसिद्ध केला. आज आम्ही त्या जनुकाचा तुकडा प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल कड्यात जोडतो, ४२ अंशांचा झटका देऊन ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूत घालतो आणि ३७ अंशांवर रात्रभर ठेवतो. सकाळी प्लेटवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या वसाहती आलेल्या असतात. रोगजंतूला हातही न लावता त्याचं हत्यार तेवढं हाती येतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण हे हत्यार जसंच्या तसं लसीत घालता येत नाही. ते काही बी-पेशींच्याही पृष्ठभागाला चिकटतं आणि त्यांना मरणाकडे ढकलतं. म्हणजे ज्यांनी अँटिबॉडी बनवायच्या, त्यांचाच काटा निघतो! म्हणून आधी त्याची पकड मोडावी लागते. शिकागोच्या संशोधकांनी २०१० मध्ये हेच केलं. या प्रथिनाचे पाच भाग आहेत. प्रत्येक भागात त्यांनी चार अमिनो आम्लं (प्रथिनाचे मणी) बदलली, एकूण २०. पकड सुटली, आकार मात्र ओळखण्याइतका शाबूत राहिला. अशी लस दिलेल्या उंदरांमध्ये संरक्षक अँटिबॉडी तयार झाल्या. माणसांसाठी या जिवाणूवर यशस्वी लस अजून नाही, त्यामुळे हा रस्ता मला फार मोलाचा वाटतो.

खरी कसोटी लागते ती चाचणीत. एलायझा ही अँटिबॉडी रंगावरून ओळखण्याची चाचणी, छोट्या खळग्यांच्या प्लेटवर होणारी. त्या प्लेटवर मूळ प्रोटीन ए बसवलं, की लस न दिलेल्या उंदराच्या सीरममधल्या (रक्तद्रवातल्या) अँटिबॉडीही चिकटतात आणि तो खळगाही पिवळा होतो. रंग दिसतो, पण तो लसीमुळे आला की त्या जुन्या पकडीमुळे, हे कळत नाही. शोधायला वापरलेली सशाची अँटिबॉडी तर आणखीच घट्ट बसते. त्यामुळे प्लेटवर पकड मोडलेलं प्रथिन बसवायचं, आणि मूळ प्रथिन शोधायचं असेल तर कोंबडीची अँटिबॉडी घ्यायची. कोंबडीच्या अँटिबॉडीचा दांडा वेगळ्या घडणीचा असतो, प्रोटीन ए त्याला धरू शकत नाही. ती अँटिबॉडी वापरली, की लक्ष्य नसलेले खळगे कोरे राहतात आणि आकड्यांवर विश्वास ठेवता येतो.