तुम्ही विचारलंत म्हणून : पाऊण टक्का

"तुम्ही लेकीला काही बोलत कसे नाही?"

गेल्या वर्षभरात हे ताईने तीनदा विचारलं, साडूंनी दोनदा (त्यातलं एकदा भर पंगतीत), आणि सोसायटीतल्या एका गृहस्थांनी तळमजला ते चौथा मजला एवढ्या वेळात, लिफ्टमध्ये. लेक सव्वीस वर्षांची आहे, हिंजवडीत नोकरी करते, कर्वेनगरला आमचं घर असताना बाणेरला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. फोन हप्त्यांवर घेतलाय. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईला एका इंग्रजी बँडच्या कार्यक्रमाला जाऊन आली. तिकीट साडेसहा हजारांचं होतं हे ताईला माझ्याआधी कळलं, कारण ताई इन्स्टाग्रामवर आहे आणि मी नाही. रात्री अकराला बिर्याणी मागवते. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर विचारता.

आजवर मी दोन उत्तरं देत आलो. पहिलं, "तिची ती कमावते, तिचं ती बघेल." हे बोलून झालं की समोरचा गप्प बसतो, तेवढाच त्याचा उपयोग. दुसरं उत्तर मागच्या दिवाळीत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं. लेक हुबेहूब अण्णांवर, म्हणजे तिच्या आजोबांवर गेली आहे असा त्याचा सूर होता. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात चार बिऱ्हाडांत मिळून दोन पेपर यायचे. 'सकाळ' आमच्याकडे, दुसरा समोरच्या काकांकडे, दुपारच्या चहाला अदलाबदल. या मुली तेच करतात, एकीने एका ओटीटीचे पैसे भरायचे, दुसरीने दुसऱ्याचे, पासवर्ड तिघींना. अण्णांच्या जमाखर्चाच्या वहीत मेथीची जुडीसुद्धा असायची, लेकीच्या फोनात चहाचे वीस रुपये तारीख-वेळेनिशी सापडतात. सतरा अंगठे आले होते या मेसेजला.

आता वाचतो तेव्हा माझं मलाच पटत नाही. अण्णा वही लिहायचे ती उद्या हात आखडावा म्हणून. लेकीचं ॲप महिना सरल्यावर रंगीत चकती दाखवतं, ती म्हणते, "बाबा, बघ ना, खाण्यावर नऊ हजार!" आणि हसते. पेपरचंही तसंच. अण्णा वाटणीचा पेपरसुद्धा निधनवार्तांपासून जाहीर निविदांपर्यंत वाचून काढायचे. व्याजदरांच्या जाहिराती कात्रीने कापून ठेवायचे आणि मग काकांकडून बोलणी खायचे, कारण कापलेल्या चौकोनाच्या मागच्या बाजूला नेमकं शब्दकोडं असायचं. लेकीच्या घरात पेपर येत नाही, टीव्हीही नाही. बातमी तिला जेवता जेवता, अंगठ्याने सरकवलेल्या चाळीस सेकंदांत कळते. दोघांना एका माळेत ओवायची मला तेव्हा हौस आली होती, दुसरं काही नाही.

तरीही ताई तिला "उधळी" म्हणते ते मी मानत नाही. पाच तारखेला तिच्या खात्यातून एसआयपीचे, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या दरमहाच्या हप्त्याचे, पंधरा हजार जातात, कोणी मागे लागावं लागत नाही. सव्विसाव्या वर्षी मी काय साठवत होतो? पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निधीत, वर्षाला दोन हजार, तेही अण्णांनी मार्चभर भुणभुण केल्यावर. आणि पीपीएफवर तेव्हा १२ टक्के मिळायचे. जानेवारी २००० पर्यंत मिळत होते, २००३ मध्ये ८ झाले, आता ७.१ आहेत. बारा टक्क्यांच्या काळात ज्यांनी काटकसर केली त्यांनी ७.१ वाल्यांना ती शिकवायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ताई, हे तुला उद्देशून आहे.

पण मी बोलत नाही त्याचं कारण हेही नाही. पैशांबद्दल घरात मी एकदाच सल्ला दिलाय. तो लेकीला दिला नव्हता, अण्णांना दिला होता.

अण्णा खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले. १९६१ च्या पानशेतच्या पुरात घरातले कागद वाहून गेलेले त्यांनी स्वतः पाहिले होते, त्यामुळे पुढे सगळा व्यवहार एका पत्र्याच्या पेटीत आणि पेटी माळ्यावर. बचत पोस्टात. २०१२ मध्ये त्यांच्या किसान विकास पत्रांची मुदत संपली, पुन्हा तीच घ्यायला गेले तर खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, योजना बंद झाली. सरकारने २०११ मध्येच ती थांबवली होती. (२०१४ मध्ये परत सुरू केली, पण २०१२ मध्ये ते कोणाला माहीत?) अण्णा घरी आले, पेटीवर पाय ठेवून बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाले, "तू काय म्हणतोस?"

त्रेचाळीस वर्षांचा घोडा मी, पण काय छाती फुगली होती! चार लाख साठ हजार रुपये होते. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेचा पर्याय समोर होता. मी म्हटलं, "पोस्ट कशाला? पेठेतली आपली सहकारी बँक पाऊण टक्का जास्त देतेय." बँकेची माहिती मला होती ती अशी की संचालकांपैकी एक जण आमच्या मंडळाच्या आरतीला यायचे. ताळेबंद वगैरे मी पाहिला नव्हता. अण्णा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बरं." मीच फॉर्म भरले. सगळ्या पावत्या अण्णांच्या नावे, दुसरं नाव आईचं.

लेक दहावीत असताना, एका रात्री टीव्हीवर खालच्या पट्टीत बँकेचं नाव सरकत गेलं. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध. नवी ठेव नाही, कर्ज नाही, खातेदाराला सहा महिन्यांत एक हजार रुपये काढता येतील. रात्रीचे दहा वाजले होते. मी अण्णांना फोन केला नाही. झोपले असतील म्हणून केला नाही, असं मी बायकोला सांगितलं. खरं म्हणजे पट्टी चुकीची निघेल या आशेने चॅनल बदलत बसलो होतो. सकाळी साडेसहाला त्यांचाच फोन आला. पेपर हातात होता हे आवाजावरून कळत होतं. "काय रे, ही आपलीच ना?"

मी रिक्षाने पोचलो तेव्हा ते रांगेत होते, छत्री आणि पासबुक घेऊन. शाखेचं जाळीचं दार अर्धं ओढलेलं. काचेवर खळीने नोटीस चिकटवली होती, ती अजून ओली होती. अण्णांनी नंबर १४३ चं चिटोरं माझ्या हातात दिलं, चष्मा चढवला आणि नोटीस पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचली. मग परत येऊन रांगेत उभे राहिले. लोक ओरडत होते, एक आजोबा पायरीवर बसले होते, चहावाल्याचा धंदा जोरात होता. रस्त्यापलीकडे बँकेचा पिग्मी एजंट हेल्मेट न काढता उभा होता. रोज दारोदार जाऊन पन्नास-शंभर गोळा करणारा माणूस, त्याला सगळी पेठ ओळखायची, हेल्मेटने काय लपणार होतं? दोघातिघांनी त्याला शिव्या दिल्या. मी दुसरीकडे बघत राहिलो.

एक वाजता आमचा नंबर लागला. शंभराच्या दहा नोटा. अण्णांनी बोटाला थुंकी लावून दोनदा मोजल्या, पासबुकात नोंद झाल्याची खात्री केली, आणि बाहेर आल्यावर छत्री उघडता उघडता विचारलं,

"पाऊण टक्का म्हणजे वर्षाचे किती रे होतात?"

त्यांना तोंडी हिशोब येत होता. पावकी-निमकीच्या पिढीचा माणूस. मला म्हणायला लावत होते की खरंच हिशोब बघत होते, अजून मला कळलेलं नाही. मी म्हटलं, "तीन हजार चारशे पन्नास."

"हं," म्हणाले.

त्यानंतर त्या विषयावर आमचं बोलणं झालं नाही. निर्बंधांना दर सहा महिन्यांनी मुदतवाढ मिळत गेली. अण्णा २०१८ मध्ये गेले. दर जानेवारीला नव्या वहीच्या पहिल्या पानावर ते एक ओळ लिहायचे : "येणे – ४,६०,०००." त्यापुढे कोणाचं नाव नसायचं, बँकेचं नाही, माझंही नाही.

ताई म्हणते, शेवटी मिळालेच ना पैसे. मिळाले. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींवरचा विमा एक लाखावरून पाच लाखांवर गेला, आणि २०२१ मध्ये कायदा बदलला. त्याआधी बँक पुरती बुडेपर्यंत विमा मिळत नसे, आता निर्बंध लागल्यावर ९० दिवसांत द्यावा लागतो. आईच्या हातात व्याज धरून पाच लाख आले. वर थकलेलं व्याज होतं, ते पाच लाखांपुढे गेलं म्हणून तेव्हा हाती आलं नाही.

आणि आईने ते कुठे ठेवू हे मला विचारलं नाही. नातीला विचारलं.

लेक आईच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली, हातात फोन. पेन्शन किती, औषधांना महिन्याला किती लागतात, सगळं विचारून घेतलं. मला वाटलं, आता म्युच्युअल फंड निघणार. तर म्हणाली, "आजी, तुझ्यासाठी पोस्टच बरं. ज्येष्ठ नागरिक योजना. ७.४ टक्के आहेत, दर तीन महिन्यांनी व्याज हातात."

मी उगाच खेकसलो, "हे कुठून कळलं तुला?" यूट्यूबवर कोणी मुलगी सांगते म्हणे. मी म्हटलं, ना ओळख ना पाळख, तिच्या भरवशावर? लेक म्हणाली, "भरवसा कुठे ठेवायचाय बाबा, ती कुठला कागद वाचायचा तेवढं सांगते." तिने ठेव विमा महामंडळाचा कागदही वाचला होता. "जॉइंट ठेवीत नावांचा क्रम बदलला ना, तर विम्याला ती वेगळी धरतात. आजोबा-आजी एक, आजी-आजोबा दुसरी. प्रत्येकीला वेगळा विमा. आजोबांना कोणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं."

त्या वेळी क्रम बदलून ठेवल्या असत्या तरी पैसे लवकर मिळाले नसते, हे मी तिला सांगू शकलो असतो, आणि ते खरंच आहे. आई वाती वळत होती. तिने मान वर केली नाही. लेकीला आजही माहीत नाही की ते फॉर्म मी भरले होते. म्हणजे, हे वाचेपर्यंत माहीत नसेल.

तर ताई, साडू, आणि चौथ्या मजल्यावरचे साहेब, हे असं आहे. बिर्याणीबद्दल मी तिला बोलू शकतो, बिर्याणीवर बोलायला काही लागत नाही. तिकिटाबद्दलही. पण एकदा तोंड उघडलं की पुढचा प्रश्न येतो, मग पैसे ठेवू कुठे? तुम्ही म्हणाल, एका चुकीवर जन्मभर तोंड शिवून बसायचं का? कदाचित माझा हा निव्वळ भित्रेपणा असेल, आणि मी त्याला अण्णांचं नाव देत असेन.

परवा लेकीचा फोन आला. पुनावळ्याला एक फ्लॅट बघून आलीये. वीस वर्षांचं कर्ज काढायचं की भाड्यानेच राहून एसआयपी वाढवायची, यावर तिघी मैत्रिणींचं रात्री दोनपर्यंत भांडण झालं म्हणे. सगळे आकडे तिने भराभर सांगितले, मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले. मग म्हणाली, "बाबा, तू काय म्हणतोस?"

मी म्हटलं, "थांब, आईला देतो."