ड्युरियन घरी आणताना

आज सिंगापूरच्या बाजारात पुन्हा तो दर्प! फणसाच्या वासात वाढलेल्या नाकालाही ड्युरियन, हे फणसासारखं काटेरी फळ, झेपत नाही. त्यात गंधकाची संयुगं असतात, म्हणून सडका कांदा आठवतो. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, हे फळ न्यायला बंदी आहे, तशी पाटीच असते स्टेशनवर. वजन सालीसकट होतं आणि गर जेमतेम तिसरा हिस्सा निघतो, तेव्हा विक्रेत्याकडूनच फोडून घ्या, आतला गर बघा, मगच पैसे द्या. साल तिथेच टाका. घरच्या कचऱ्यात गेली की जिनाभर वास. गरे घट्ट झाकणाच्या डब्यात, वर पिशवीला गाठ, आणि थेट फ्रीजरमध्ये. खालच्या कप्प्यात उघडे ठेवलेत तर दूध वास धरतं, सकाळचा चहा गेलाच. चव मात्र, खरं सांगायचं तर, बासुंदीसारखी.