दुसरा प्रश्न

गेल्या शनिवारी एका मुलीला मी दारातून परत पाठवलं आणि 20 मिनिटांनी आत घेतलं. ती 20 मिनिटं डोक्यातून जात नाहीत.

न्यू जर्सीतल्या एका नाट्यगृहात मी प्रवेशद्वार सांभाळते. त्या संध्याकाळी हॉल मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला दिला होता. कुत्रा दिसला की आमच्या सिक्युरिटीवाल्यांचा पहिला शब्द 'पेपर्स'. किती वेळा सांगितलं, कागद मागायचा नाही! अमेरिकेच्या एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात सर्व्हिस डॉगला, म्हणजे अपंग माणसासाठी ठरावीक काम शिकवलेल्या कुत्र्याला, ना सर्टिफिकेट लागतं, ना जॅकेट. जॅकेट ऑनलाइन कोणालाही मिळतं. ते घालून आलेली, येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकणारी कुत्री मी बाहेर काढली आहेत. गरज उघड दिसत नसेल तर प्रश्न दोनच विचारायचे: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? आजार विचारायचा नाही, काम करून दाखवायला सांगायचं नाही. शेजारच्याला अ‍ॅलर्जी असेल, भीती वाटत असेल, तर जागा बदलून द्यायची. कुत्र्याला अडवायचं नाही. नव्या मुलांना हे मीच शिकवते.

मुलगी विशीतली. सोबत काळी लॅब्रॅडॉर, गळ्यात साधा पट्टा. मागे रांग खोळंबलेली. मी इंग्रजीत विचारलं. पहिल्या प्रश्नाला ती 'हो' म्हणाली. दुसऱ्याला अडखळली, मग पुटपुटली, "ही जवळ असली की मला बरं वाटतं."

नुसत्या सोबतीने धीर देणारा प्राणी एडीएच्या नियमांत सर्व्हिस अ‍ॅनिमल धरत नाहीत. कुत्रीशिवाय आत येऊ शकतेस, असं मी तिला सांगितलं. ती काही न बोलता बाजूला जाऊन भिंतीशी उभी राहिली. मंडळाचा एक स्वयंसेवक म्हणाला, "बरं केलंत." त्याचं ते म्हणणं मला तेव्हाही खुपलं.

गाडी लावून आई आली. माझ्या छातीवरचं नाव वाचून थेट मराठीतच बोलायला लागली. "ताई, चारचौघांत तिला बोलता येत नाही हो. तिला पॅनिक अटॅक येतात. यायला लागला की ही आधी नाक लावून तिला सावध करते, मग मांडीवर अंग टाकून दाबून धरते. मुद्दाम शिकवलंय तिला."

झटका ओळखून ठरलेली कृती करणं, हेच तर शिकवलेलं काम! त्याच कुत्रीबद्दल दुसरे शब्द आले आणि नियमाचा निकाल उलटला. मी माफी मागितली, कडेची खुर्ची दिली, कुत्रीला पायाशी ऐसपैस बसता येईल आणि वाट अडणार नाही अशी. मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही.

तिला रांगेतून बाजूला घ्यायला हवं होतं. 'ती तुझ्यासाठी काय करते?' एवढं साधं, मराठीत विचारता आलं असतं. कायदा त्याला कुठे आड येत होता?

आणि एक गोष्ट मी पाहिली होती. मी नाही म्हणत होते, तेव्हा कुत्री पुन्हा पुन्हा तिच्या मनगटाला नाक लावत होती. मला वाटलं, लाड करून घेतेय.