तेरवी झाल्यावर

शनिवार, रात्र

तेरवी आटोपली की गावाच्या हिशेबी माणसाचं दुःख संपतं. मांडव निघतो, पाहुणे गाडीला लागतात आणि दुसऱ्या दिवसापासून पानठेल्यावर बोंडअळीची चौकशी सुरू होते. बायांचं तसं नसतं. वर्षभरानं एखाद्या लग्नात गाठ पडली तरी त्या आधी गळ्यात पडून रडतात, गेलेल्या जिवाची एकेक गोष्ट काढून रडतात आणि मगच पंगतीला बसतात. माणसांना बसायला सतरंजी मिळते. 'कसं काय झालं?', 'दवाखान्यात किती लागले?' एवढं विचारून होतं आणि उठता उठता 'आता पोराईकडे पाय' म्हणतात.

माझ्या वर्गमित्राची बायको उन्हाळ्यात कॅन्सरनं गेली. तेव्हापासून तो बोलतच नव्हता असं नाही. पाऊस, कापसाचा भाव, रानडुकरं, सगळं बोलायचा. फक्त तिचं नाव येत नव्हतं. अंगावरचा सदरा मात्र दर महिन्याला ढिला होत चालला होता.

या आठवड्यात शेतातली लाईन रात्रीची आहे. काल हरभऱ्याला ओलित द्यायचं म्हणून तो एकटाच निघाला, तर मास्तर, पानठेलेवाला गडी आणि मी, आम्हीही मागोमाग गेलो. सगळे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. स्प्रिंकलरचे पाईप बदलायचे, मग धुऱ्यावर पऱ्हाट्या पेटवून शेकत बसायचं, पुन्हा उठायचं. अंधारात, हाताला काम असताना, एकमेकांच्या तोंडाकडे न पाहता माणूस बोलू शकतो. घरी खुर्ची समोर ठेवून 'काय होते तुले?' विचारलं असतं, तर तो चहा सांगून मोकळा झाला असता.

नोझलमध्ये कचरा अडकला होता. तो काडीनं काढता काढता, खाली मान घालूनच तो बोलायला लागला.

"वेचणीच्या बाया सांगाले तेच जाये. यंदा मी गेलो. तं बाया माया तोंडाकडे पाहून रडाले लागल्या. मी किलोचा भाव ठरोला अन् वापस आलो. घरी आल्यावर मोटरसायकलचं स्टँड लागे ना मले. पायच उचले ना. तसाच उभा होतो गाडी धरून."

मग म्हणाला, पहाटे तीनला डोळे उघडतात ते उघडतातच. भाकर तोंडात फिरते. छातीवर कोणी पाय देऊन उभं आहे असं वाटतं.

कोणी 'हिंमत ठेव' म्हणालं नाही, हे फार बरं झालं. मास्तर थोडा वेळ थांबला आणि सरळ विचारलं, "जीव द्याव असं येते का मनात?"

मला धस्स झालं. असं विचारल्यानं तो विचार माणसाच्या डोक्यात घातला जातो, हा आमच्याकडचा पक्का समज. प्रत्यक्षात तसं होत नाही. विचारल्यानं माणसाला बोलायला वाट मिळते, हे मानसोपचाराचे डॉक्टर नेहमी सांगतात, आणि मी ते रात्री डोळ्यांनी पाहिलं. तो "येते कधी कधी" म्हणाला आणि त्यानंतर पहिल्यांदा रडला. दुपट्टा तोंडात धरून नाही, मोठ्यानं. मोटारीच्या आवाजात तो आवाज कुठंच गेला नाही, आम्हा तिघांपाशीच राहिला.

त्यानंतर जे झालं ते मला अजून नवल वाटतं. पानठेलेवाला खिशातून गोळ्यांची पट्टी काढून म्हणाला, "ह्या बीपीच्या नाई बाप्पा. मनाच्या डॉक्टरच्या हायेत." भाऊ गेल्यानंतर त्याला हे सुरू झालं, घरी फक्त बायकोला माहीत. रोज त्याच्या ठेल्यावर बसणाऱ्या आम्हाला पत्ता नव्हता. त्यानंच सांगितलं की गोळ्यांचा गुण लगेच येत नाही, काही आठवडे जाऊ द्यावे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत. आमच्यातलं कोणी हे सांगितलं असतं तर तो उपदेश झाला असता. त्याच्याकडून आलं म्हणून ऐकलं गेलं.

आपल्या भागात आत्महत्या म्हटली की कर्ज आणि नापिकी एवढंच बोललं जातं. ते खोटं नाहीच. पण २०२२ साली देशात नोंदलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांत १०० मागे जवळपास ७२ पुरुष होते, आणि ते सगळे काही शेतकरी नव्हते. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचं काम झालं. गावातलीच माणसं तयार करून त्यांना घरोघरी बोलायला पाठवलं. नैराश्य असलेल्या १०० जणांत उपचाराला जाणारे आधी चारेक होते, ते २७ पर्यंत गेले. घरापर्यंत येऊन विचारणारं माणूस असलं की एवढा फरक पडतो. गावात प्रार्थना आहे, हरिपाठ आहे, भजनी मंडळ आहे. तिथं मन शांत होतं. पण 'मले असं होते' म्हणायला तिथं जागा नाही, ती कुठंतरी लागतेच.

मास्तरनं टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारनं चालवलेल्या फोनसेवेचा, १४४१६ हा नंबर चौघांच्याही मोबाईलमध्ये टाकून दिला. चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फवारणीचं उरलेलं औषध मी आज दुपारीच त्याच्या घरून उचललं आणि माझ्या गोठ्यातल्या पेटीत कुलूप लावून ठेवलं. 'कायले?' असं त्यानं विचारलं नाही. स्वतःच आतून डबे आणून दिले.

सोमवारी यवतमाळला सरकारी दवाखान्यात जायचं ठरलंय. पानठेलेवाला संगं येणार, कारण चिठ्ठी कुठं काढायची अन् कोणत्या खोलीपुढं बसायचं हे त्याला ठाऊक आहे. ऐन वेळी हा 'उद्या जाऊ' म्हणेल, अशी मला धास्ती आहे. म्हणून सकाळी फोन न करता सरळ त्याच्या दारातच गाडी उभी करीन. त्याच्या हरभऱ्याचं उरलेलं ओलित मास्तर पाहणार आहे.