तुमच्या फीडरवर खारी येत नाहीत, ते कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. न्यू जर्सीत मागे अंगण असलेलं घर घेतलं, की पहिल्याच हिवाळ्यात पक्ष्यांसाठी फीडर, म्हणजे दाणे ठेवायचं भांडं, टांगला जातो आणि थोड्याच दिवसांत मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी मला गाठतं: “तुमच्याकडे खारी दाणे पळवत नाहीत, ते कसं हो?” खारी माझ्याकडेही येतात. त्यांना वर चढता येत नाही, आणि एखादी चढलीच तर तिच्या आवडीचं तिथे फारसं काही नसतं.

आधी जागा. इथली करडी खार आपल्या पट्टेवाल्या खारुताईपेक्षा वजनाने कितीतरी पट मोठी. जमिनीवरून चारेक फूट उंच उडते आणि झाडावरून आठ-दहा फुटांची आडवी झेप सहज घेते. त्यामुळे मेपलच्या फांदीला फीडर टांगणं म्हणजे तिला आमंत्रण धाडणंच. लोखंडी खांब हवा. झाड, कुंपण, डेकचा कठडा, सगळ्यांपासून दहा फूट लांब. खांबावर बॅफल, म्हणजे वरून बंद आणि खालून उघडं असं पत्र्याचं रुंद नळकांडं. त्याचं वरचं टोक जमिनीपासून पाच फुटांवर आलं पाहिजे. खार सुसाट खांबावर चढते, नळकांड्यात शिरते, आत जरा खुडबुड होते आणि मग शेपूट आधी बाहेर येतं. उतरून ती खांबाभोवती एक फेरी मारते, वर बघते, पुन्हा चढते. टीव्हीपेक्षा बरं.

खांबाला तेल किंवा व्हॅसलीन चोपडू नका. पिसांना लागलं की ती चिकटतात, आणि अशा पिसांनी जानेवारीच्या थंडीत पक्ष्याला ऊब धरता येत नाही. दुसरा उपाय आपल्या लोकांना न सांगताच सुचतो: तिखट. तो खरंच चालतो. मिरचीचा जाळ सस्तन प्राण्यांना लागतो, पक्ष्यांना जाणवत नाही. मिरचीचं बी पसरवायचं काम रानात पक्षीच करतात. पण वारा फिरला की ते तिखट तुमच्याच डोळ्यांत जातं, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

खरी गंमत दाण्यात आहे. दुकानातली स्वस्त मिश्रणाची पिशवी उघडून बघा, लाल ज्वारी आणि गहू भरपूर. इथले बरेचसे पक्षी ते चोचीने बाजूला सारून सूर्यफुलाचं बी शोधतात. खाली पडलेल्यावर उंदीर येतात, रात्री रकून येतो. मिश्रण बंद केलं की निम्मी गर्दी आपोआप हटते.

मी घालते करडई. माझं माहेर बार्शीचं. काट्यांपायी हातापायांना फडकी गुंडाळून करडई काढणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्यात. तीच करडई इथे पक्ष्यांचं खाणं म्हणून पिशवीतून विकत घेते. टणक, पांढरं, कडसर बी. बहुतेक खारी, तसेच ग्रॅकल आणि स्टार्लिंग हे पक्षी त्याला तोंड लावत नाहीत. एखाद्या खारीला चव लागते, नाही असं नाही. कार्डिनल पक्ष्याला मात्र प्रिय. झुंजूमुंजू होताना लाल नर येतो, जाड चोचीत बी आडवं धरून फिरवतो, टच्च करून फोडतो. टरफलाचे दोन तुकडे बाहेर आणि गर आत. एक संपलं की लगेच दुसरं.

दुसऱ्या, बारीक भोकांच्या नळीसारख्या फीडरमध्ये कारळे. हो, चटणीचेच. इथे परदेशातून येतात ते उष्णतेची प्रक्रिया करून, म्हणजे त्यांच्यातून तण उगवू नये. पिवळा गोल्डफिंच, जो १९३५पासून न्यू जर्सीचा राज्यपक्षी आहे, तो याच्यावर तुटून पडतो. खारींना कारळ्यांत फारसा रस नसतो.

आता अवघड पाहुणी: चिमणी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रुकलिनमध्ये माणसांनी मुद्दाम सोडली आणि ती देशभर पसरली. इथल्या ब्लूबर्ड पक्ष्याच्या घरट्यासाठी लावलेल्या पेटीत घुसून पिल्लं मारते, म्हणून इथले पक्षीप्रेमी तिच्यावर दात खाऊन असतात. फीडरभोवती मासेमारीचा पातळ दोरा उभा टांगला तर ती बिचकते, बाकीचे पक्षी बिचकत नाहीत. दोरा माझ्याकडे आहे. पण तिकडे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१०पासून २० मार्चला चिमणी दिन पाळतात, आणि आमच्या बार्शीच्या घरातल्या फोटोंमागे तिचीच घरटी असायची. हाकलायला हात होत नाही. ब्लूबर्डची पेटी मी लावलेली नाही, त्यामुळे माझं निभावतं. तुमच्याकडे पेटी असेल तर दोरा लावा, माझं ऐकू नका.

उरलं अस्वल. राज्याच्या एकवीसही काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, काळं अस्वल दिसलेलं आहे, आणि त्याच्यापुढे बॅफल नाही की करडई नाही, खांबच वाकवतं. तुमच्या भागात त्याचा वावर असेल तर एप्रिल ते नोव्हेंबर फीडर धुऊन गॅरेजमध्ये ठेवा. तेव्हा किडे, बिया, फळं बाहेर मुबलक असतात, पक्ष्यांचं अडत नाही. पाण्याचं उथळ भांडं तेवढं ठेवा, आणि दोन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर डास.