त्या रात्री बाप पिशवीत जंत घेऊन आला

मी एएनएम, म्हणजे गावपातळीवरची सरकारी नर्स आहे, नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांच्या एका आरोग्य उपकेंद्रात. 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, 2015 पासून चालू आहे, आणि आमच्याकडे शाळा अंगणवाडी मिळून त्या एका दिवसात 1 ते 19 वर्षांच्या सगळ्या पोरांना अल्बेंडाझोलची गोळी द्यायची असते.

सकाळी शाळेत 63 चा पट, 57 हजर. एकेकाला समोर उभं करून चावून खायला लावलं, तोंड उघडून बघितलं, कारण अख्खी गिळली तर घशात अडकायची भीती असते. एक वर्ष ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धीच गोळी, म्हणजे 200 मिलिग्रॅम. अंगणवाडीत सेविकाताई ती दोन चमच्यांमध्ये चुरून पाण्यातून देत होत्या, एक पोर तोंड वाकडं करून रडायला लागलं तर त्यांनी थांबून त्याला आधी शांत केलं मग दिली, रडत्या पोराच्या तोंडात औषध कधीच घालू नका बरं का, ठसका लागतो. बारा वाजता रिपोर्ट भरला आणि मला वाटलं झालं.

रात्री आठ वाजता दारात पंधरा वीस माणसं. पुढे तिसरीतल्या मुलाचा बाप, हातात प्लॅस्टिकची पिशवी. आत वीतभर लांब, पांढरा गुलाबी जंत. पोराला उलटी झाली आणि त्यात पडला म्हणे. "सिस्टर, सकाळी पोरगं धडधाकट होतं, तुमच्या गोळीनं पोटात जंत सोडले." मागून एक आजी म्हणाली, माझ्या नातीच्या पण पोटात कळा येतायत. दोघं तिघं बोलायला लागली की आता शाळेत पाठवायचं नाही.

मी आधी पोराला तपासलं. नाडी नीट, ताप नाही, पोट मऊ, फक्त मळमळ. ओआरएस दिलं, एमओ मॅडमना, म्हणजे आमच्या डॉक्टरांना फोन लावला, त्या म्हणाल्या लक्ष ठेवा, वाढलं तर लगेच घेऊन या. नातीलाही बघितलं, तीही ठीक होती. ज्यांच्या पोटात जंत जास्त असतात त्यांनाच बहुतेक असा त्रास होतो, आणि तो बरा होतो.

मग मी पिशवी उजेडात धरली आणि बापाला विचारलं, दादा, कोंबडीचं पिल्लू एका दिवसात कोंबडी होतं का? नाही म्हणाला. मग हा वीतभर जंत सकाळपासून एवढा कसा वाढेल, अंडं पोटात गेल्यापासून तो पुरता मोठा व्हायला दोन ते तीन महिने लागतात. तो आधीपासूनच होता, पोराचं खाल्लेलं खात होता. गोळीने जंताला साखर शोषता येत नाही, तो उपाशी मरतो आणि बाहेर पडतो. बाप काही बोलला नाही, पण खाली बसला. आजीच मग म्हणाली, याची पोरं उघड्यावरच जातात आणि माती हाताला लागते ती तशीच तोंडात. मी मान डोलावली. जमिनीतली अंडी गोळीने मरत नाहीत, म्हणून तर 10 ऑगस्टला परत गोळी, आणि मध्ये हात साबणाने धुवायचे, चप्पल घालायची.

माझी चूक मात्र खरी होती. पालकसभेत आधीच सांगायला हवं होतं की जंत पडला, पोट दुखलं तर घाबरू नका. सांगायचं राहून गेलं आणि त्या बापाची ती रात्र भीतीत गेली. त्याला मी तसं सांगितलंसुद्धा.

17 तारखेच्या मॉपअपला, म्हणजे राहिलेल्यांना गोळी द्यायच्या दिवशी, शाळेतल्या गैरहजर सहापैकी पाच पोरांना गोळी दिली. पण त्या मुलाची धाकटी बहीण अंगणवाडीत आलीच नाही, बाप तिला शेतावर घेऊन गेला होता. तिच्या आईला मी दोनदा भेटून आलेय, ऑगस्टच्या आधी परत जाणार आहे.